काच वरच आहे, आई: थार-बोलेरोतला वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज कमी करायचा कसा

बेळगावहून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालो होतो. सांबरा मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा 80 च्या पुढे गेला आणि शेजारच्या सीटवरून आई ओरडली, "काच वर कर की रे, वारं येऊलालंय!" काच वरच होती. नेसरगी येईपर्यंत तिनं तीनदा तेच सांगितलं आणि मी तीनदा तेच उत्तर दिलं, तेही ओरडून, कारण साध्या आवाजात बोललेलं पोचतच नव्हतं. यरगट्टीला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "परत येताना मी बसनं येतो."

माझी थार हार्डटॉप, डिझेल. त्या वेळी तिला मड टेरेन म्हणजे चिखलासाठीचे टायर होते, टपावर कॅरिअर होतं आणि कॅरिअरच्या पुढे हौसेनं लावलेला एलईडी बार. म्हणजे आवाज यायची जेवढी म्हणून सोय करता येते तेवढी मीच करून ठेवली होती. आज ती गाडी इनोव्हासारखी शांत झालेली नाही, होणारही नाही. काच उभी, बिजागऱ्या उघड्या, आरसे ताटाएवढे, आतून अस्तर जेमतेम. अशा गाडीला गप्प करता येत नाही. पण 80-90 ला शेजारच्याशी न ओरडता बोलता येईल इतपत नक्की आणता येतं, आणि त्यातलं बरंचसं काम घरच्या अंगणात होतं. थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा, बोलेरो, कुठलीही नवीन घेतलेली असो की जुनी, खालचा क्रम तोच ठेवा.

क्रम म्हणतो, कारण माझी चूक क्रमातच झाली. मी थेट "फुल डॅम्पिंग" करून घेतलं, म्हणजे आतल्या सगळ्या पत्र्याला थरथर मारणारी शीट चिकटवून घेतली. एका दुकानात गाडी दिली, संध्याकाळी परत मिळाली. आतून सगळी चांदीसारखी चकचकीत. दार लावल्यावर आवाज बँकेच्या तिजोरीसारखा, मी खूश. महामार्गावर आलो तर वाऱ्याची शिटी तशीच, टायरचं गुणगुणणं तसंच. पुढे जुलैत कणकुंबीला जाऊन आलो आणि चार दिवसांनी गाडीत कुबट वास सुटला. मॅट उचलून बघतो तर शीटखाली पाणी. फ्लोअरची पाणी जायची भोकं त्या पोरांनी शीट चिकटवून बंद केली होती. पत्र्यावर गंजाची सुरुवात झालेली. पैसे गेले, आवाज राहिला, वर गंज. म्हणून आधी आवाज कुठला ते शोधायचं, मग वारा शिरायच्या फटी बुजवायच्या (पाण्याची भोकं नव्हे), आणि शीट सगळ्यात शेवटी.

आधी कान, मग पाकीट

चालत्या गाडीत ढोबळपणे तीन आवाज असतात: यंत्राचा, टायरचा आणि वाऱ्याचा. गावात, चन्नम्मा चौकापासून गोवावेसपर्यंत, ऐकू येतो तो इंजिनचा. वेग साधारण 40-50 च्या वर गेला की टायर इंजिनवर मात करतो. आणि आणखी वर गेलं की वारा दोघांना गिळतो, कारण वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्यानं वाढतो. 80 वरून 100 ला गेलात तर तो सुमारे 6 डेसिबल वाढतो. 10 डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटतो, त्यावरून 6 म्हणजे किती ते समजून घ्या. म्हणजे सगळ्यात स्वस्त उपाय उजव्या पायात आहे. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं.

तपासणीसाठी एक सरळ, सपाट, ओळखीचा तुकडा ठरवा. मी काकतीच्या पुढचा महामार्ग धरतो, सकाळी लवकर, वारं पडलेलं असताना. उसाच्या हंगामात मात्र वेळ बघून जा. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर शेजारून डीजे वाजवत गेला की मोजमाप संपलं. फोनवर डेसिबल दाखवणारं एखादं फुकटचं ॲप घ्या. त्याचा आकडा खरा असेलच असं नाही, पण कालचा आणि आजचा फरक बरोबर दाखवतं आणि आपल्याला तेवढंच हवं. फोन दर वेळी त्याच जागी, काचा बंद, एसीचा पंखा बंद, गाणी बंद, वेग 80. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे वाऱ्याची दिशा आड येत नाही. आकडे वहीत लिहा. शेजारी माणूस बसवून त्यालाच लिहायला सांगा. गाडी चालवणाऱ्यानं फोनकडे बघायचं नाही.

आता आवाज वेगळे करायचे. रस्ता रिकामा असेल तेव्हा 80 ला क्लच दाबून तीन-चार सेकंद धरा. इंजिन आयडलवर येतं. त्याबरोबर आवाज पडला तर तो यंत्राचा. पडला नाही तर टायरचा किंवा वाऱ्याचा. चावी मात्र अजिबात बंद करायची नाही, ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. मग रस्ता बदलताना कान द्या. शहरात स्मार्ट सिटीच्या कामात सिमेंटचे रस्ते झालेत, त्यावरून डांबरावर उतरताना सूर एकदम बदलला तर तो टायर. वारा रस्त्याकडे बघत नाही, वेगाकडे बघतो. उलट मोठा ट्रक समोरून गेला की जो आवाज भसकन बदलतो तो वारा.

यातच एक गोष्ट तपासून टाका. घूंऽऽ असा एकसुरी आवाज असेल आणि डावीकडच्या लांब वळणावर तो वाढत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग संशयित धरा, कारण त्या वळणावर भार उजवीकडे जातो. उजव्या वळणावर वाढला तर डावं. हा आवाज दाबायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो. शीट चिकटवून बेअरिंगचा आवाज झाकणारे लोक मी पाहिलेत.

टायर

मड टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, फटीत कोंडलेली हवा फटकन बाहेर पडते, आणि सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की आपल्याला ते गुणगुणणं वाटतं. कंपन्या मुद्दाम ठोकळ्यांचे आकार थोडे कमी-जास्त ठेवतात म्हणून एकच सूर लागत नाही, तरी मड टेरेन तो मड टेरेनच. ऑटोनगरातल्या मेस्त्रींनी माझी गाडी फाटकातून आत येतानाच सांगितलं होतं, "सायेब, ह्यो टायरचा आवाज हाय, गाडीचा न्हवं." मी ऐकलं नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: वर्षातले किती दिवस गाडी खरंच चिखलात जाते? जांबोटी, कणकुंबी, खानापूरच्या आतल्या तांबड्या मातीच्या वाटा पावसात वाईट असतात हे खरं. पण माझ्या वहीत वर्षाला बारा-पंधरा दिवस निघाले, बाकी सगळं डांबर. त्या हिशेबानं डांबर आणि माती दोन्हीला चालणारे ऑल टेरेन पुरेसे होते. टायर बदलल्यावर जो फरक पडला तो शीट, दाराच्या कडेची रबरी बीडिंग, बाकी सगळं मिळून पडला नाही. अर्थात चांगले टायर फेकून देऊ नका. झिजून बदलायची वेळ येईल तेव्हा हा विचार करा. माप कंपनीच्या यादीत बसणारंच घ्या. आपली केए-22 किंवा केए-23 नंबरची गाडी आज निपाणी ओलांडून कोल्हापुरात, उद्या चोर्ल्यातून गोव्यात. तीन राज्यांच्या पोलिसांना समजावत बसण्यात मजा नाही.

टायर तेच ठेवणार असाल तर दोन कामं करा. पहिलं, हवा. चिखलात उतरताना हवा कमी करतो आणि परत येताना भरायला विसरतो, असं निम्म्या मंडळींचं होतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरचा, तोच ठेवा. फार हवा भरली की टायर टणक होतो आणि प्रत्येक खडा आत कळवतो. आवाजासाठी म्हणून स्टिकरच्या खालीही जाऊ नका.

दुसरं काम तळहाताचं. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून हात हळू फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. टायरमध्ये खिळा-तार अडकलेली नाही हे आधी बघून. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचतंय का? मग ठोकळे एका कडेनं जास्त झिजलेत. हा आवाज नव्या टायरपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि लोक त्याला बेअरिंग समजतात. अलाइनमेंट तपासून टायर पुढचे मागे करून घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला हे केलं तर ती करवत तयारच होत नाही. आधीच झालेली झीज काही भरून येत नाही, अदलाबदलीनंतर हळूहळू थोडी बरी होते इतकंच.

वारा कुठून शिरतो

या भागाला वेळ द्या. खर्च सगळ्यात कमी आणि फायदा भरपूर.

एक छोटा हिशेब सांगतो. दाराच्या कडेची एकूण लांबी साधारण 4 मीटर धरा. सगळीकडे 1 मिलिमीटरची फट राहिली तर एकूण भोक झालं 40 चौरस सेंटीमीटर, म्हणजे दोन आगपेट्यांपेक्षा मोठं. दारात एवढं भोक पाडलेलं असताना पत्र्याला कितीही महागडी शीट चिकटवा, आवाज त्या भोकातून येतच राहणार. पृष्ठभागाच्या फक्त एक टक्का भाग उघडा असला तर उरलेला भाग किल्ल्याच्या भिंतीइतका जाड करूनही 20 डेसिबलच्या पलीकडे आवाज अडत नाही. उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्यांना एका मिलिमीटरची किंमत वेगळी सांगायला नको.

फट शोधायची पहिली रीत कागदाची. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकत-अडकत आली तर रबर दाबतंय. सळकन निघाली तर तिथे खडूनं खूण करा. असं दर वीतभर अंतरावर, दाराच्या चारही बाजूंनी. दुसरी रीत रात्रीची: एकजण अंधारात आत बसतो, दुसरा बाहेरून टॉर्च कडेकडेनं फिरवतो.

पण उभ्या गाडीत पास झालेलं दार धावत्या गाडीत नापास होऊ शकतं. वेगात बाहेरून सरकणारी हवा काचेजवळचा दाब कमी करते आणि दाराची वरची चौकट बाहेर ओढली जाते, केसभर का होईना. म्हणून शिटी 70 ला नसते आणि 90 ला सुरू होते. त्यासाठी तिसरी रीत, आणि मला सगळ्यात उपयोगी पडली ती हीच. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. उजव्या दाराच्या सगळ्या फटींवर, आरशाच्या बुडावर, पुढच्या काचेच्या रबरावर बाहेरून टेप लावा आणि ठरलेल्या तुकड्यावर चक्कर मारा. स्वतःच्या दाराला लावणार असाल तर दुसऱ्या दारानं आत या, आणि ते दार मोकळं ठेवा. आवाज लक्षात येण्याइतका कमी झाला? मग एकेक टेप काढत परत चक्कर. जी काढल्यावर आवाज परत आला तिथे चोर. माझा चोर दारात नव्हताच. आरशाच्या बुडाशी प्लास्टिकचा तुकडा नीट बसलेला नव्हता, त्या पोकळीतून बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा आवाज यायचा. आतून फोमचा अंगठ्याएवढा तुकडा लावला, संपलं. तोवर मी शीटवर जे काही हजार घातले होते ते आठवून त्या रात्री जेवण गेलं नाही.

चोर सापडला की उपाय. आधी आहे ते रबर ओल्या फडक्यानं पुसा. खानापूरकडची तांबडी धूळ रबराच्या ओठात बसते आणि रबर दबतच नाही. वाळल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल, रॉकेल, ग्रीसच्या डब्यातलं काळं ग्रीस, यातलं काहीही नको. रबर फुगतं आणि लोळागोळा होतं.

मग दार किती आत बसतं ते बघा. दाराच्या कुलपाचा आकडा खांबावर दोन स्क्रूनं धरलेला असतो. पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ मारा, स्क्रू सैल करा, अर्धा मिलिमीटर आत सरकवा, घट्ट करा. दार लावताना वर-खाली घासत नाही ना, दोन्ही टप्प्यांत कुलूप नीट पडतंय ना, ते चार-पाच वेळा बघा. पेन्सिलीची रेघ आहे म्हणजे चुकलं तर परतीचा रस्ता आहे.

तरी फट उरली तर जादा बीडिंग. बाजारात मागच्या बाजूला चिकट पट्टी असलेली रबराची बीडिंग मिळते, पोटात पोकळ, कापली तर इंग्रजी डी किंवा पी सारखी दिसते. रबर ईपीडीएमचं मागा, खिडकीला लावतात तो स्पंज नको. दुकानदार विचारतो, "एष्ट बेकरी?" किती हवं ते मीटरमध्ये सांगणं सोपं, जाडी किती ते सांगताना सगळे अडखळतात. त्यासाठी मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, बोराएवढ्या गोळ्या करा, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा आणि खडूच्या खुणांवर ठेवून दार लावा. उघडल्यावर गोळीची चपटी झालेली जाडी मोजा. तीच तुमची फट. बीडिंग साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे, म्हणजे फट 6 मिलिमीटर असेल तर 9 च्या आसपासची. जास्त जाड घेतली की दार आपटावं लागतं, बिजागऱ्यांवर ताण येतो आणि आई-बाबांच्या हातून ते अर्धवट लागतं, जे आवाजापेक्षा वाईट. चिकटवायची जागा स्पिरिटनं पुसून, उन्हाची, कोरडी. मृग लागायच्या आधी हे काम उरका. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत कुठलीही चिकटपट्टी शब्द पाळत नाही.

दाराइतकीच एक दुर्लक्षित जागा म्हणजे इंजिन आणि केबिनमधली लोखंडी भिंत. फॉग लॅम्प, एलईडी बार, हॉर्न, काहीही नवं बसवताना इलेक्ट्रिशियन तिथलं रबरी बूच फोडून वायर आत घेतो आणि भोक तसंच ठेवून जातो. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारा, बोनेटकडून उजेड दिसला की समजलं. योग्य मापाचं बूच किंवा ब्युटिलची (चिकट, मऊ रबराची) दोरी दाबून बसवली की डिझेलची टकटक आणि धूर दोन्ही आत यायचे थांबतात. वायर उघड्या पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर ते आगीचं आमंत्रण आहे, ते आधी बघा.

सॉफ्ट टॉपवाल्यांना एवढंच सांगतो: कापड वारा अडवतं, आवाज नाही. ताण घट्ट ठेवा, फडफड कमी होईल. त्यापुढची अपेक्षा ठेवू नका.

टपावरची शिटी

कॅरिअरच्या गोल दांड्या वाऱ्यात शिटी का घालतात? दांडीच्या मागे हवेचे भोवरे आलटून पालटून एकदा वरून, एकदा खालून सुटतात. 100 च्या वेगात 1 सेंटीमीटर जाडीच्या दांडीमागे ते सेकंदाला साधारण 550 वेळा सुटतात, म्हणजे पेटीवर सापडेल असा स्वच्छ सूर. धारवाडच्या वाटेवर सूर लागावा हे ठीक, पण तो गळ्याला लागावा, कॅरिअरला नको.

उपाय दोरीचा. 4-5 मिलिमीटरची नायलॉन दोरी दांडीभोवती नागमोडी वेलीसारखी, वळशांमध्ये अंतर सोडून गुंडाळा आणि दोन्ही टोकं पक्की करा. भोवरे सगळ्या लांबीवर एकाच वेळी सुटत नाहीत, सूर मोडतो. काही उंच लोखंडी चिमण्यांच्या वरच्या भागाला वळसे घेत जाणारी पट्टी असते ना, ती याच भोवऱ्यांसाठी. एरियलवर दिसणारा पीळही त्याचाच. दर आठवड्याला गाठ तपासा. याहून चांगला उपाय म्हणजे कॅरिअर लागेल तेव्हाच चढवायचं. माझं आता माळ्यावर आहे आणि एलईडी बार विकला.

शीट, आता

इथवरचं सगळं झाल्यावर परत ठरलेल्या तुकड्यावर चक्कर मारा, वहीतला आकडा बघा. समाधान झालं असेल तर इथेच थांबा.

झालं नसेल तर शीटचं नेमकं काम समजून घ्या. ब्युटिलची डॅम्पिंग शीट आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं मारते. मडकं घेताना वाजवून बघतो तसं दाराच्या, टपाच्या, फ्लोअरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. ठणऽ वाजलं तिथे शीट हवी. ठक वाजलं तिथे नको. पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग, तोही मधला, झाकला तरी बहुतेक काम होतं. शंभर टक्के झाकणं म्हणजे दुकानाचा फायदा. 2 मिलिमीटरच्या शीटचं वजन चौरस मीटरला 3 किलोच्या वर जातं. सगळी गाडी मढवली की एक लहान पोरगं कायमचं बसवून फिरवल्यासारखं. हार्डटॉपला शीट लावण्याआधी चुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर टप फायबरचा आहे, आणि जाड फायबरवर ब्युटिलचा उपयोग बेताचाच.

ब्युटिल म्हणून डांबराची शीट गळ्यात मारली जाते. नाकाला धरा, डांबराचा वास लपत नाही. शंका असेल तर एक तुकडा पत्र्याच्या डब्याला उभा चिकटवून एप्रिलच्या उन्हात आठवडाभर ठेवा. चिक्कोडी-निपाणीकडचं ऊन खरं-खोटं लगेच सांगतं. ओघळली तर डांबर.

दाराचं काम घरी जमतं. दाराचं पॅड क्लिपा न तोडता काढा, दोन-चार जादा क्लिपा आधीच आणून ठेवा, कारण न तोडता असं कितीही म्हटलं तरी. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद असतो. काच किंवा स्पीकरचं काम झालेल्या गाडीत तो हमखास फाटलेला सापडतो. तो पाणीही अडवतो आणि आवाजही, त्यामुळे नवा कागद ब्युटिलच्या दोरीनं नीट चिकटवणं हे शीटइतकंच महत्त्वाचं. बाहेरच्या पत्र्याला आतून, मधोमध, स्पिरिटनं पुसून शीट लावा आणि लाकडी किंवा लोखंडी रोलरनं इतकी दाबा की वरच्या फॉइलवरची नक्षी सपाट होईल. न दाबलेली शीट म्हणजे नुसतं वजन. पॅड बसवायच्या आधी काच पूर्ण खाली-वर करून बघा.

फ्लोअरला ब्युटिलवर बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड विनाइलची शीट, ज्याला दुकानात एमएलव्ही म्हणतात. पत्रा थरथरायचा थांबवतो तो ब्युटिल, आवाज अडवतं ते विनाइलचं वजन, आणि फोम दोघांना एकमेकांपासून तोडतो. यासाठी सीट काढाव्या लागतात आणि सीटखाली एअरबॅगच्या, बेल्टच्या वायरी असू शकतात. हे काम जाणत्या मेस्त्रींकडूनच, बॅटरी सोडवून. टपाच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्या बाजूला हातच लावू नका. सायलेन्सरजवळच्या आणि बोनेटखालच्या जागीही केबिनचा फोम नको.

नमदा, कापसाचं फेल्ट, साधा गादीचा फोम स्वस्त पडतो आणि आवाजही शोषतो, पण पाणीही शोषतो. सोलापुरात चालेल, खानापूर तालुक्यात नाही.

आणि पाण्याची भोकं. दाराच्या बुडाशी तळाला लांबट चिरा असतात, फ्लोअरला बुचं असतात. नव्या थारचा फ्लोअर तर धुवायचा म्हणूनच बुचांसह येतो. काम सुरू करायच्या आधी प्रत्येक भोकाचा फोटो काढा, काम संपल्यावर फोटो समोर धरून प्रत्येक भोक उघडं आहे का ते मोजा. दुकानात देणार असाल तर फोटो त्यांच्याही हातात द्या आणि गाडी ताब्यात घेताना दाराच्या काचेवर बादलीभर पाणी ओता. बुडाशी ठिबकलं पाहिजे.

मग ऐकू येते खडखड

मोठे आवाज खाली बसले की इतके दिवस त्यांच्यामागे लपलेले बाहेर येतात. सीटखालचा जॅक, पाना, टो-चेन, मागच्या दारावरच्या स्टेपनीचे नट, बेल्टचं लोखंडी टोक खांबावर आपटणं. जॅक-पाना जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून पट्ट्यानं आवळा, स्टेपनी हातानं हलवून बघा, बेल्टच्या मागे चिकट मखमलीची टिकली लावा. डॅशबोर्डच्या कुरकुरीसाठी शेजारी माणूस बसवून त्याला एकेक जागी तळहात दाबायला सांगा. दाबल्यावर थांबली तिथे मखमलीची पट्टी.

यंदा पुन्हा सौंदत्तीला गेलो. परतताना 80 ला मागून एक ठोका यायला लागला, वळणावर डावीकडे, मग उजवीकडे, ठक, मग घरंगळ, मग ठक. मी दोनदा गाडी बाजूला घेऊन स्टेपनी तपासली, जॅक तपासला, वाकून शॉकअपची बुशं बघितली. आई शांतपणे बसून होती. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा म्हणाली, "पिशवीतनं नारळ पडलाय काय बघ की मागं."

नारळच होता.